ब्रिटिश आणि आयरिश डॉक्टर-सर्जनांची चरित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किन्सन, ग्रेव्हज डिसीज (थायरॉइडचा एक आजार), कोलीज फ्रॅक्चर ही नावं आपल्याकडच्या हॉस्पिटलांत रोज कानावर पडतात. ती ज्यांची आहेत ती माणसं कोण होती, कुठून आली, काय खाऊन-पिऊन जगली, हे फारसं कोणी सांगत नाही. या माणसांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची गोष्ट मोठी आहे, काहींना चार ओळी पुरतात.

फिजिशियन आणि सर्जन दोघेही डॉक्टरच. मग जुन्या ब्रिटनमध्ये त्यांच्यात एवढं अंतर का होतं?

आज तो कामाचा भेद आहे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो दर्जाचा भेद होता. सगळ्यांत वर फिजिशियन. विद्यापीठाचा पदवीधर, लॅटिन-ग्रीक जाणणारा, स्वतःच्या घोडागाडीतून फिरणारा. आठव्या हेन्रीच्या सनदेने १५१८ साली लंडनला कॉलेज ऑफ फिजिशियन्सची स्थापना झाली आणि टॉमस लिनाकर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. पुढे तीन शतकं या कॉलेजचं फेलो व्हायचं तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी जवळजवळ सक्तीचीच होती. फिजिशियन नाडी बघायचा, लघवीची बाटली उजेडात धरायचा, विचार करायचा आणि औषध लिहून द्यायचा. रोग्याच्या अंगाला सुरी लावणं त्याला कमीपणाचं वाटे. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याची आठवण झाली तर नवल नाही.

त्याच्या खाली सर्जन. हा उमेदवारी करून शिकलेला कारागीर. हाड बसवणं, गळू फोडणं, मुतखडा काढणं, हात-पाय कापणं ही त्याची कामं. त्याच्याही खाली अपॉथिकरी, म्हणजे औषधं कुटून-घोटून विकणारा दुकानदार. गरिबाला फिजिशियन परवडत नसे, त्यामुळे त्याचा खरा डॉक्टर हाच. अठराव्या शतकातला लंडनचा नामवंत फिजिशियन रिचर्ड मीड कॉफीहाउसमध्ये बसायचा. अपॉथिकरी तिथे येऊन आपापल्या रोग्यांची लक्षणं सांगत आणि मीड अर्ध्या गिनीत (गिनी म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) औषध लिहून देई. रोग्याचं तोंडही न पाहता! विल्यम रोझ नावाच्या अपॉथिकरीने स्वतःच रोग्याला औषध दिलं म्हणून कॉलेजने त्याच्यावर खटला भरला. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १७०४ साली निकाल रोझच्या बाजूने लागला.

पुढची उत्तरं वाचताना ही उतरंड लक्षात ठेवावी. खालून, बाहेरून, किंवा चुकीच्या धर्मात, चुकीच्या घरात जन्मून आलेल्यांनीच बरंचसं काम केलं असं माझं मत आहे. हार्वेसारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच.

न्हावी खरोखर शस्त्रक्रिया करायचे?

करायचे. रक्त काढणं, दात उपटणं, गळू कापणं हे वस्तऱ्याच्या धंद्याला धरूनच होतं. डब्लिनमध्ये न्हाव्यांच्या संघाला १४४६ सालीच राजाची सनद मिळाली होती. लंडनमध्ये १५४० च्या कायद्याने न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी झाली. गंमत म्हणजे त्याच कायद्याने त्यांची कामं वेगळीही केली: सर्जनने दाढी करायची नाही, न्हाव्याने शस्त्रक्रिया करायची नाही, दात मात्र दोघांनी काढले तरी चालेल. कंपनीला दरवर्षी फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांची प्रेतं चिरफाडीसाठी मिळू लागली.

एडिंबराच्या सर्जन-न्हाव्यांनी त्याआधीच, १५०५ साली, आपली सनद मिळवली होती. त्यांना वर्षाला एकच प्रेत मिळे, पण शहरात व्हिस्की गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ताही त्यांच्याकडेच होता. लंडनचे सर्जन १७४५ साली न्हाव्यांपासून वेगळे झाले. डब्लिनच्या सर्जनांना १७८४ साली स्वतंत्र रॉयल कॉलेज मिळालं आणि लंडनच्यांना १८०० साली.

ब्रिटनमध्ये सर्जनला आजही ‘डॉक्टर’ न म्हणता ‘मिस्टर’ म्हणतात ते यामुळेच का?

हो. ‘डॉक्टर’ ही विद्यापीठाच्या एमडीची पदवी होती. सर्जनकडे ती नसे, त्याच्याकडे कॉलेजचा डिप्लोमा असे. एकोणिसाव्या शतकात सर्जनांचा मान वाढला, तरी त्यांनी जुनं संबोधन सोडलं नाही. उलट ते अभिमानाने मिरवू लागले. आज ब्रिटन-आयर्लंडमधला तरुण डॉक्टर एमबीबीएस होऊन ‘डॉक्टर’ होतो आणि सर्जनच्या परीक्षा पास झाला की पुन्हा ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ होतो. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या आईवडिलांना हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

या लोकांची कमाई किती असे?

टोकाची तफावत होती. ॲस्टली कूपर या सर्जनला धंद्याच्या पहिल्या वर्षी पाच गिन्या मिळाल्या. पुढे एका वर्षात त्याने २१,००० पौंड कमावले. १८२१ साली त्याने चौथ्या जॉर्जच्या डोक्यावरचं आवाळू काढलं आणि त्याबद्दल त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब दिला गेला. जॉन रॅडक्लिफ हा फिजिशियन १७१४ साली वारला तेव्हा मागे एवढा पैसा होता की ऑक्सफर्डमध्ये त्यातून ग्रंथालय, रुग्णालय आणि वेधशाळा उभी राहिली. उलट बाजूला खेड्यातला सर्जन-अपॉथिकरी घोड्यावरून दिवसभर हिंडायचा आणि त्याची अर्धी बिलं बुडायची.

हार्वेने रक्ताभिसरणाचा शोध लावला म्हणजे नक्की काय केलं?

त्याने हिशेब केला. विल्यम हार्वे (१५७८–१६५७) फोकस्टोनचा. केंब्रिजनंतर इटलीत पाडुआला जाऊन १६०२ साली डॉक्टर झाला, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात फिजिशियन आणि पुढे पहिल्या जेम्सचा व पहिल्या चार्ल्सचा राजवैद्य. त्या काळी ग्रीक वैद्य गेलनचं चौदाशे वर्षं जुनं मत प्रमाण होतं: खाल्लेल्या अन्नातून यकृतात सतत नवं रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून टाकतं. हार्वेने विचारलं, एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं? आकडा कितीही लहान धरला, तरी अर्ध्या तासाच्या ठोक्यांनी गुणल्यावर शरीरात असेल त्याहून जास्त रक्त होत होतं. एवढं रक्त पोटातल्या अन्नातून बनणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. दंडाला पट्टी बांधून शिरांमधल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात हेही त्याने दाखवलं. हे सगळं १६२८ साली फ्रँकफुर्टला छापलेल्या एका लहानशा लॅटिन पुस्तकात आहे. रोहिणीतून शिरेत रक्त कसं जातं ते मात्र त्याला दिसलं नाही. केशवाहिन्या १६६१ साली इटलीतल्या माल्पिघीने पाहिल्या.

पुस्तक निघाल्यावर त्याचे रोगी कमी झाले, असं त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीने लिहून ठेवलंय. डॉक्टर डोक्याने हलला, असं लोकांना वाटलं. ऑब्रीच सांगतो की १६४२ साली एजहिलच्या लढाईत हार्वेकडे दोन राजपुत्र सांभाळायला दिले होते आणि हा कुंपणाआड पुस्तक वाचत बसला होता; तोफेचा गोळा जवळ पडला तेव्हा कुठे जागा बदलली. मला त्याचा आणखी एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. १६३४ साली लँकाशरमधल्या चेटकिणी ठरवलेल्या बायकांची तपासणी त्याच्या देखरेखीखाली झाली. अंगावर सैतानाच्या खुणा म्हणून दाखवलं गेलं होतं, त्यात अनैसर्गिक काही नाही असा निर्वाळा तपासणाऱ्यांनी दिला.

जॉन हंटरचं नाव सर्जन लोक एवढ्या आदराने का घेतात?

हंटर १७२८ साली ग्लासगोजवळच्या एका शेतावर जन्मला. दहा भावंडांतलं शेंडेफळ. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. विसाव्या वर्षी लंडनला थोरल्या भावाकडे, विल्यमकडे आला. विल्यमची शरीररचनाशास्त्राची खासगी शाळा होती. तिथे जॉनच्या हातात सुरी दिली आणि त्याचा हात किती सफाईदार आहे हे लगेच कळलं. प्रेतं मिळवण्याची जबाबदारीही त्याच्याचकडे आली. कशी मिळवायची, हे कोणी विचारत नसे.

१७६१ साली तो सैन्याबरोबर फ्रान्सच्या बेल इल बेटावर गेला. गोळीची जखम चिरून मोठी करायची आणि आत खणायचं, हा तेव्हाचा नियम. तिथे गोळ्या लागलेले काही फ्रेंच सैनिक एका रिकाम्या घरात लपून राहिले होते. त्यांच्यावर कोणीही उपचार केला नव्हता, तरी ते बरे होत होते. हंटरने नियमावरचा विश्वास सोडला. त्याची सगळी कारकीर्द याच वळणाची आहे: जुन्या पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेव, जनावरावर, प्रेतावर, गरज पडली तर जिवंत माणसावर करून बघ. त्याचा विद्यार्थी एडवर्ड जेनर याला त्याने १७७५ साली पत्रातून सांगितलं की नुसता विचार कशाला करतोस, प्रयोग करून बघ ना.

आता दुसरी बाजू. चार्ल्स बर्न हा अल्स्टरमधला सात फूट सात इंच उंचीचा तरुण लंडनमध्ये स्वतःचं प्रदर्शन मांडून पोट भरायचा. लोक त्याला ‘आयरिश राक्षस’ म्हणत. मेल्यावर सर्जन आपली हाडं पळवतील अशी त्याला धास्ती होती. आपलं प्रेत समुद्रात बुडवा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. १७८३ साली तो बाविसाव्या वर्षी वारला. हंटरने प्रेत नेणाऱ्यांना लाच दिली (५०० पौंड, असं म्हणतात), प्रेत घरी आणून उकळलं आणि सांगाडा संग्रहालयात उभा केला. जोशुआ रेनल्ड्सने काढलेल्या हंटरच्या चित्रात कोपऱ्यात बर्नच्या सांगाड्याची पावलं दिसतात. दोनशेहून जास्त वर्षं तो लोकांसमोर होता. त्याच्या दातातल्या डीएनएवरून २०११ साली या उंचीमागचा जनुकीय दोषही सापडला. २०२३ साली लंडनचं हंटेरियन संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडा मांडला नाही. पण तो समुद्रातही गेलेला नाही, संग्रहातच आहे. विज्ञानाला उपयोग झाला म्हणून चोरी माफ होते, असं मला वाटत नाही.

हंटरला हृदयविकार होता आणि डोकं भडकलं की कळ यायची. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कोणत्याही हरामखोराच्या हातात आहे, असं तो म्हणायचा. १७९३ साली सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वाद झाला आणि तो तिथेच कोसळून गेला. मागे कर्ज होतं, कारण कमावलेलं सगळं संग्रहात घातलेलं. सरकारने १७९९ साली तो संग्रह १५,००० पौंडांना घेतला. हंटरची हस्तलिखितं मेहुणा एव्हरार्ड होमकडे होती. होम त्यातून वर्षानुवर्षं आपल्या नावावर निबंध वाचत राहिला आणि १८२३ साली त्याने ते कागद जाळले. विल्यम क्लिफ्ट या इमानी मदतनीसाने त्यांतला काही भाग आधीच उतरवून ठेवला होता, म्हणून तेवढं तरी वाचलं.

चिरफाडीसाठी प्रेतं कुठून यायची?

फाशी गेलेल्या गुन्हेगारांची प्रेतं कायदेशीर होती, पण ती पुरत नसत. मग थडगी उकरली जायची. प्रेत ही कायद्याने कोणाची मालमत्ता नव्हती, त्यामुळे चोर फक्त कफन मागे टाकत. तेवढं घेतलं की ती चोरी ठरायची. ॲस्टली कूपरने १८२८ साली संसदेच्या समितीला सरळ सांगितलं की माणूस कितीही मोठा असो, मला त्याचं प्रेत हवं असेल तर मी मिळवू शकतो.

त्याच वर्षी एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर हे मूळचे आयर्लंडचे दोघे पकडले गेले. त्यांनी थडगी उकरण्याचे कष्टही घेतले नाहीत. भाडेकरू, भिकारी, दारूडे अशी १६ माणसं मारून त्यांनी प्रेतं डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या विच्छेदनाच्या वर्गाला विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी दिलं आणि त्याचीच जाहीर चिरफाड केली. सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठात आहे. नॉक्सवर खटला झाला नाही, पण त्याचं नाव कायमचं गेलं. १८३२ च्या कायद्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयघरात, मेलेल्या बेवारशांची प्रेतं कॉलेजांना मिळू लागली. थडगी उकरणं थांबलं. पूर्वी खुन्याला होणारी शिक्षा आता नुसत्या गरिबीला होऊ लागली, हे तेव्हाच्या कामकरी लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

जेनरची लस मुंबईत केव्हा आली?

जेनरने १४ मे १७९६ रोजी ग्लॉस्टरशरमधल्या बर्कली गावी माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, गाईच्या देवीची लस टोचली आणि नंतर त्याच्या अंगात खऱ्या देवीचा पू घालून पाहिला. (आज असा प्रयोग कोणतीही समिती मंजूर करणार नाही.) १७९८ साली पुस्तिका निघाली आणि चार वर्षांत लस मुंबईत होती. समुद्रमार्गे ती टिकेना, म्हणून व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे ती हातोहात आली: एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. तिच्या दंडातून पुढे देशभर गेली.

भूल येण्याआधी शस्त्रक्रिया कशा होत? एका शस्त्रक्रियेत तिघं मेल्याची गोष्ट खरी का?

दारू, अफू, कातडी पट्टे, धरून ठेवणारी चार माणसं आणि वेग. विल्यम चेझल्डन मुतखडा मिनिटभरात काढायचा. स्कॉटिश सर्जन रॉबर्ट लिस्टन (१७९४–१८४७) मांडीतून पाय कापायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास घेत असे. उंचापुरा, तोंडाने फटकळ, आणि ‘वेळ मोजा, मंडळी’ असं सांगून हात घालणारा.

रोगी, मदतनीस आणि घाबरलेला प्रेक्षक असे तिघं लिस्टनच्या एका शस्त्रक्रियेत मेले, ही गोष्ट सगळीकडे फिरते. लिस्टनच्या काळातल्या कागदपत्रांत तिचा पत्ता नाही. ती विसरून जा.

खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. २१ डिसेंबर १८४६ रोजी लिस्टनने लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक चर्चिल नावाच्या खानसाम्याचा पाय ईथर हुंगवून कापला. शुद्धीवर आल्यावर रोग्याने विचारलं, ‘सुरुवात कधी करणार?’ हे अमेरिकन तंत्र मेस्मरच्या मोहिनीविद्येला मागे टाकतं, अशा अर्थाचं काहीतरी लिस्टन म्हणाला. ज्या वेगावर त्याचं नाव उभं होतं, त्याची गरजच त्या दुपारी संपली. पुढच्या वर्षी तो वारला.

बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला चर्चने विरोध केला होता का?

सांगतात तेवढा नाही. जेम्स यंग सिम्प्सनने ४ नोव्हेंबर १८४७ ला एडिंबरातल्या आपल्या घरी दोन सहकाऱ्यांबरोबर क्लोरोफॉर्म हुंगला आणि तिघेही जेवणाच्या टेबलाखाली गेले. ‘वेदनेत मुलं जन्माला घालशील’ या बायबलच्या वचनाचा आधार काहींनी घेतला. सिम्प्सनने उलट उत्तर दिलं की ॲडमची फासळी काढताना देवाने आधी त्याला झोपवलं होतं. पण खरा विरोध डॉक्टरांचाच होता, आणि भीती खोटी नव्हती: १८४८ च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ पायाच्या बोटाचं नख काढताना एक पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मने दगावली.

जॉन स्नोने पंपाचा दांडा काढला आणि पटकी (कॉलरा) थांबली, हे खरं ना?

दांडा काढला हे खरं, थांबली हे अर्धवट खरं. स्नो (१८१३–१८५८) यॉर्कच्या मजुराचा मुलगा. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलच्या सर्जनकडे उमेदवारीला लागला आणि कोळसा खाणीतल्या मजुरांची पटकी त्याने तिथे पाहिली. शाकाहारी, दारूला न शिवणारा, घोगऱ्या आवाजाचा, एकटा माणूस. लंडनला येऊन भूल देण्यातला तज्ज्ञ झाला. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानेच दिला.

पटकी दूषित हवेने होते, असं तेव्हा जवळजवळ सगळे मानत. ती पाण्यातून पसरते, असं स्नो १८४९ पासून सांगत होता. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटभोवती शेकडो माणसं काही दिवसांत मेली. स्नो घरोघर हिंडला. पंपाजवळच्या वर्कहाउसमध्ये मोजकीच माणसं मेली, कारण त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, ते फुकटची बिअर पीत होते. लांब हॅम्पस्टेडला एक विधवा मेली. तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि ती रोज बाटली मागवायची. माझ्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा हा विधवेचा. ८ सप्टेंबरला दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरत होती. लोक पळून गेले होते. स्नोनेही हे मान्य केलं होतं.

तो पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोन-तीन ओळींची बातमी छापली. त्यात क्लोरोफॉर्म होता, पटकीचा उल्लेखही नव्हता.

लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रिया सुरू केली, पण तिचा परिणाम खरंच मोजला होता का?

हो, आणि आकडे त्यानेच छापले. ग्लासगोच्या त्याच्या वॉर्डात १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत अवयव कापलेल्या ३५ जणांपैकी १६ दगावले. कार्बॉलिक हे जंतुनाशक वापरायला लागल्यावर १८६७ ते १८६९ मध्ये ४० पैकी ६.

जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) क्वेकर घराण्यातला. त्या पंथाच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, म्हणून तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकला. वडील दारूचे व्यापारी, पण फावल्या वेळात त्यांनी सूक्ष्मदर्शकाची भिंगं सुधारली होती; ‘दिसत नाही म्हणून नाही’ असं म्हणण्याची सोय त्या घरात नव्हती. पाश्चरचं काम वाचल्यावर जखम सडण्यामागे जंतू असावेत हे त्याच्या ध्यानात आलं. कार्लाइल गावात सांडपाण्याची घाण मारायला कार्बॉलिक ॲसिड वापरत होते, तेच त्याने घेतलं. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीखाली पाय सापडलेला अकरा वर्षांचा मुलगा आला. हाड कातडीबाहेर आलेलं. एरवी पाय कापला असता. कार्बॉलिकच्या पट्ट्या बांधल्या आणि सहा आठवड्यांत मुलगा चालत घरी गेला. तोवर जुने सर्जन रक्ताने कडक झालेला कोट अभिमानाने घालत.

पार्किन्सन हा मेंदूचा तज्ज्ञ होता का?

नव्हता. जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) हा लंडनच्या हॉक्स्टनमधला गल्लीतला सर्जन-अपॉथिकरी. कंपवातावरचा त्याचा निबंध १८१७ चा आहे आणि त्यात रोगी सहाच. त्यांतले काही त्याने नुसते रस्त्यात पाहिले होते. राजकारणात जहाल, १७९४ साली राजाला विषारी बाणाने मारण्याच्या कथित कटाबद्दल प्रिव्ही कौन्सिलपुढे (राजाच्या सल्लागार मंडळापुढे) त्याची जबानी झाली. जीवाश्मांचा नाद होता. रोगाला त्याचं नाव पुढे पॅरिसच्या शार्को या मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाने दिलं.

आयरिश डॉक्टरांत वेगळं असं काय होतं?

डब्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोग्याच्या खाटेशी शिकवण्याची पद्धत रुजली. मीथ हॉस्पिटलात रॉबर्ट ग्रेव्हज (१७९६–१८५३) आणि विल्यम स्टोक्स (१८०४–१८७८) विद्यार्थ्यांकडे एकेक रोगी सोपवत. त्याची हकीकत घेणं, रोज तपासणं, मेला तर शवविच्छेदनाला हजर राहणं हे विद्यार्थ्याचं काम. स्टेथोस्कोपवरचं पुस्तक छापलं तेव्हा स्टोक्स जेमतेम विशीत होता. तापाच्या रोग्याला उपाशी ठेवायचं आणि रक्त काढायचं, हा सर्वमान्य उपचार ग्रेव्हजने सोडून दिला आणि त्यांना जेवायला घातलं. ‘याने तापाला खाऊ घातलं’ एवढंच माझ्या थडग्यावर लिहा, असं तो म्हणे. त्याच हॉस्पिटलात १८४४ साली फ्रान्सिस रिंडने चेहऱ्याच्या असह्य वेदनेसाठी एका बाईच्या कातडीखाली पोकळ सुईने मॉर्फीन सोडलं. सिरिंज अजून यायची होती.

एब्राहम कोलीजने मनगटाजवळचं फ्रॅक्चर १८१४ साली वर्णिलं. तेव्हा एक्स-रे नव्हते आणि त्याने ते हाड चिरूनही पाहिलं नव्हतं. नुसत्या बोटांनी चाचपून केलेलं ते वर्णन आजही चालतं.

डॉमिनिक कॉरिगन (१८०२–१८८०) हा शेतीची अवजारं विकणाऱ्याचा मुलगा, आणि कॅथलिक. डब्लिनच्या वैद्यकात वरच्या जागा प्रोटेस्टंटांकडे. जर्व्हिस स्ट्रीट हॉस्पिटलात त्याच्या वाट्याला सहा खाटा होत्या. तेवढ्या रोग्यांवरून त्याने १८३२ साली महारोहिणीच्या झडपेच्या गळतीचं वर्णन केलं. आयर्लंडच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याला मानद फेलो करायला नकार दिला. तेव्हा या पिकल्या डॉक्टरने नव्या पोरांबरोबर परीक्षेला बसून आत प्रवेश मिळवला आणि १८५९ पासून त्याच कॉलेजचा पाच वर्षं अध्यक्ष झाला.

दुष्काळाच्या काळात, १८४७ च्या आसपास, टायफसने आयर्लंडमधले दवाखान्यांचे डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. स्टोक्सने सहकाऱ्याबरोबर त्यांची मोजदाद केली.

डॉ. जेम्स बॅरी स्त्री होती, हे सैन्याला कळलं कसं नाही?

कोणी नीट पाहिलंच नाही. कॉर्कच्या मार्गारेट बल्कलीने जेम्स बॅरी या नावाने एडिंबराला शिकून १८१२ साली एमडी मिळवली आणि सैन्यात सर्जन म्हणून प्रवेश केला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक बॅरी पुरुष म्हणूनच जगला, म्हणून इथेही तसंच लिहितो. केपटाउनमध्ये तुरुंग, कुष्ठरोग्यांची वसाहत, भेसळीची औषधं यांवरून अधिकाऱ्यांशी भांडणं, एक द्वंद्वयुद्ध, क्रिमियन युद्धाच्या काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेलला चारचौघांत दिलेली ताकीद: स्वभाव असा. १८२६ साली बॅरीने केपटाउनमध्ये सिझेरियन केलं आणि आई-मूल दोघं जगली, हे त्या काळात अपूर्वच. मुलाचं नाव जेम्स बॅरी मुनिक ठेवलं. तेच नाव पुढे त्या कुटुंबाच्या ओळखीतल्या एका मुलाला मिळालं, तो दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान जे. बी. एम. हर्ट्‌झॉग.

बॅरी १८६५ साली लंडनला वारला. अंघोळ घालणाऱ्या बाईने जे पाहिलं ते सांगितलं आणि बभ्रा झाला.

मग स्त्री म्हणून उघडपणे डॉक्टर होणं केव्हा शक्य झालं?

योगायोग असा की त्याच १८६५ साली एलिझाबेथ गॅरेटने अपॉथिकरींच्या सोसायटीचा परवाना मिळवला. सनदेत ‘व्यक्ती’ असं लिहिलं होतं, ‘पुरुष’ नव्हे. वडिलांनी कोर्टाची धमकी दिली आणि सोसायटी नमली. लगेच नियम बदलून सोसायटीने दार पुन्हा लावून घेतलं.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि सहा जणी एडिंबरा विद्यापीठात शिकू लागल्या. त्यांतली एडिथ पीची रसायनशास्त्रात पहिली आली, पण पहिलेपणाची शिष्यवृत्ती खालच्या मुलाला दिली. १८ नोव्हेंबर १८७० ला त्या परीक्षेला जाताना विद्यार्थ्यांनी चिखल फेकला, फाटक लावलं आणि परीक्षेच्या खोलीत मेंढी सोडली. विद्यापीठाने पदवी दिलीच नाही. सातही जणींना ती मरणोत्तर मिळाली, २०१९ साली. १८७६ च्या कायद्याने संस्थांना स्त्रियांची परीक्षा घ्यायला मुभा मिळाली, आणि ती पहिल्यांदा वापरली डब्लिनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने. जेक्स-ब्लेक आणि पीची यांना १८७७ साली तिथूनच डॉक्टरकीचा परवाना मिळाला.

पीची १८८३ साली मुंबईला आली आणि १८८६ साली उघडलेल्या कामा हॉस्पिटलची जबाबदारी तिने सांभाळली. बालपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना तिने जाहीर पाठिंबा दिला. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली लागल्यावर तुरुंग पत्करायला निघालेल्या रखमाबाई तडजोडीनंतर लंडनला गेल्या. जेक्स-ब्लेकने उभारलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं.

‘ग्रेज ॲनाटॉमी’चा मुंबईशी संबंध आहे, असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. शरीररचनाशास्त्राच्या या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचा मजकूर हेन्री ग्रेने लिहिला. चित्रं काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टरने. हल गावच्या चित्रकाराचा हा मुलगा, सेंट जॉर्जेसमध्ये शिकलेला. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती. अवयवाचं नाव थेट त्या अवयवावरच लिहिण्याची त्याची शैली विद्यार्थ्यांना भावली. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले, कार्टरला एकदाच १५०. शीर्षकाच्या पानावर कार्टरचं नाव आपल्याएवढ्याच टायपात पाहून ग्रेने ते लहान करायला लावलं. ग्रे १८६१ साली पुतण्याची शुश्रूषा करताना देवी येऊन चौतिसाव्या वर्षी गेला.

पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर मुंबईत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचनाशास्त्र शिकवलं, काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, पुढे ग्रँटचा प्राचार्य झाला. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांचे सुजून भोकं पडलेले पाय त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि तो रोग बुरशीचा आहे हे मांडलं. कुष्ठरोग समजून घ्यायला तो नॉर्वेपर्यंत गेला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत आलेल्या उलटतापाच्या रोग्यांच्या रक्तात त्याने मळसूत्री जंतू पाहिले. तीस वर्षांच्या नोकरीनंतर १८८८ साली तो परतला आणि १८९७ साली वारला. ग्रँटच्या विद्यार्थ्यांनी त्याचं नाव माहीत करून घ्यायला हरकत नाही.

हे सगळं आज कुठे पाहता येतं?

लंडनला लिंकन्स इन फील्ड्समध्ये हंटेरियन संग्रहालय आहे; १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात मूळ संग्रहाचा मोठा भाग गेला, तरी उरलेला पाहायला अर्धा दिवस हवा. लंडन ब्रिजजवळ एका चर्चच्या माळ्यावर १८२२ सालचं शस्त्रक्रियागृह आहे, लाकडी टेबल आणि विद्यार्थ्यांच्या पायऱ्यांसह. ब्रॉड स्ट्रीटला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे दांडा नसलेला पंप उभा केला आहे आणि शेजारच्या दारूच्या गुत्त्याला दारू न पिणाऱ्या जॉन स्नोचं नाव दिलंय. बर्कलीला जेनरचं घर पाहता येतं. एडिंबराचं सर्जन्स हॉल संग्रहालय चुकवू नका, मात्र लहान मुलांना बरोबर नेण्याआधी विचार करा.